उन्हाचा काला

वारकरी वाचकहो, सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि वारीची सांगताही काल्यानेच होते. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, मग पालख्या परतीच्या वाटेला लागतात. हंडी फुटते, लाह्या उडतात, पोरेबाळे प्रसादाला धावतात, आणि 'काला गोड झाला' म्हणत आपण घरी जातो. काल्याचा अर्थ मात्र बहुतेक वेळा मंडपातच राहून जातो.

अर्थ काही अवघड नाही. गोपाळांनी आपापल्या घरून शिदोऱ्या आणल्या होत्या. कुणाची सणासुदीची, कुणाची शिळ्या भाकरीची, आणि पेंद्याची तर सगळ्यांत गरीब. देवाने प्रत्येकाला आपापली शिदोरी सोडून वेगवेगळ्या झाडाखाली बसायला सांगितले नाही. ज्याची शिदोरी मोठी त्याला मोठा घास, असेही केले नाही. सगळे एकत्र कालवले आणि सगळ्यांना वाटले. हा काला आपण दरवर्षी ऐकतो. आज तो एका रोकड्या व्यवहाराला लावून पाहू. तो व्यवहार आहे उन्हाचा.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात कुरुंदा आहे. हळद, केळी आणि ऊस यांचे हे गाव. नरहर कुरुंदकरांचे आडनाव याच गावावरून आले, तेव्हा इथल्या माणसाला रोखठोक वादाचे वावडे असायचे कारण नाही. फाल्गुन-चैत्रात या शिवारात फिरून पाहा. शिजवलेली हळद जमिनीवर पसरलेली असते आणि पंधरवडाभर ऊन तिला वाळवत असते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानात काळ्या जमिनीचा वाटा आहे, कष्टाचा आहे, तसा या उन्हाचाही आहे. या उन्हाचे बिल आजवर कुणी पाठवलेले नाही.

आता त्याच शिवारात रात्री जाऊन पाहा. दिवसा ऊन ओसंडून वाहते, आणि उसाला, केळीला पाणी द्यायला शेतकरी मात्र रात्रीच्या पाळीची वाट पाहतो. पाळी आली की हातात बॅटरी घेऊन चिखलात उतरायचे. साप आहे, विंचू आहे, ओल्या हाताने चालू करायचा स्टार्टर आहे. घरी बायको आणि म्हातारी आई जागी असतात. डीपी जळाली की सगळे शिवार एक होते, ट्रॅक्टरच्या डिझेलला वर्गणी निघते, कुणी तालुक्याला धावतो. डीपी बसली की एकी संपते, ती पुढच्या जळण्यापर्यंत. संकटात आपल्याला काला येतो; सुखासमाधानाच्या दिवसांत मात्र ज्याची त्याची शिदोरी वेगळी होते.

अशा गावांत आता ऊन विकत घेणारे येत आहेत, म्हणून हा लेख. तीन वाटा आपल्यासमोर आहेत.

पहिली वाट ज्याच्या त्याच्या पंपाची. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. बाकीचा भार सरकारचा. दिवसा पाणी देता येते, हा फार मोठा लाभ आहे आणि ज्याला मिळाला त्याने तो जरूर घ्यावा. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाणी देऊन झाले की त्या प्लेटा उन्हात नुसत्या उभ्या असतात. त्यांची वीज शेजाऱ्याच्याही कामी येत नाही. आणि उपशाला खर्चच नाही म्हटल्यावर विहिरीचा तळ लागेपर्यंत पंप चालू ठेवायचा मोह होतो. शिवाय ज्याला शेत नाही, विहीर नाही, त्याचा या वाटेत पायच पडत नाही.

दुसरी वाट जमीन भाड्याने देण्याची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राजवळच्या खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार रुपये भाडे आहे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख असे तीन वर्षे मिळायचे आहेत. कोरडवाहू एकरात पन्नास हजार सुटत नाहीत, तेव्हा भाडे देणाऱ्या शेतकऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही. या योजनेमुळे पंपांना दिवसा वीज मिळणार असेल तर तिचे स्वागतच आहे. पण हिशेब पूर्ण वाचा. अर्ध्या मेगावॅटचा प्रकल्प दोन-अडीच एकरांत बसतो. एका किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिट धरले तर तो रोज दोन हजार युनिट देतो. युनिटला तीन रुपये धरले तरी वर्षाची विक्री एकवीस-बावीस लाखांच्या घरात जाते. जमीनवाल्याच्या हाती येतात सव्वा लाख. बाकीचे सगळे नफ्याचे असतात असे मी म्हणत नाही. कर्जाचे हप्ते आहेत, देखभाल आहे, जोखीम आहे. पण प्लेटा पंचवीस वर्षे चालतात. एक दिवस हप्ते फिटतात. त्या दिवशी प्रकल्प ज्याचा, त्याचे ऊन.

आणि जिथे खासगी जमीन नसते तिथे गायरान घेतले जाते. गायरानावर कुणाची शेळी चरते, कोणती भूमिहीन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दोन तास नांगरून खातात, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. गावाला पाच लाख मिळाले आणि ज्याचे चरण गेले त्याला काहीच मिळाले नाही, तर त्याला विकास म्हणावे की पेंद्याची शिदोरी हिसकावणे म्हणावे, हे तुम्हीच ठरवा.

तिसरी वाट काल्याची. गावाने सोसायटी काढायची, भाग गोळा करायचे, प्रकल्प आपल्या मालकीचा करायचा. केंद्राच्या कुसुम योजनेच्या पहिल्या घटकात अर्धा ते दोन मेगावॅटचा प्रकल्प शेतकऱ्याने एकट्याने, गटाने, सहकारी संस्थेने किंवा पंचायतीनेही उभारायला मुभा आहे. २००३ च्या वीज कायद्याने वीजनिर्मितीला परवान्याची अट ठेवलेली नाही, आणि ग्रामीण वितरण पंचायती व सहकारी संस्थांमार्फत करण्याचे धोरण आखायला त्याच कायद्याने सांगितले आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या दहा कुटुंबांतली दहा माणसे एकत्र आली की संस्थेची नोंदणी मागता येते. त्याच कायद्यात एक गोष्ट आहे, ती काल्याच्या कीर्तनात सांगण्यासारखी आहे: भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. शिदोरी लहानमोठी असली तरी काल्यात घास सारखा, हे तत्त्व आपल्या कीर्तनात आहे आणि राज्याच्या कायद्यातही आहे. नाही ते फक्त आपल्या वागण्यात.

आता पूर्वपक्ष ऐकू, कारण तो रोज पारावर ऐकू येतो.

पहिला पूर्वपक्ष म्हणतो, "महाराज, हा प्रपंच झाला. वीज, सोसायटी, भागभांडवल यांचा परमार्थाशी काय संबंध?" याला उत्तर संतांनीच देऊन ठेवले आहे. सावता महाराजांना देव अरणच्या मळ्यात भेटला. दुष्काळ सोसल्यावर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. ऋणकोंच्या मानेवरचे जू उतरवणे हा प्रपंच होता की परमार्थ? आणि विजेचा संबंध विचारता, तर मंडपाकडे पाहा. लाखाची रोषणाई असते, कर्णे असतात, आणि कित्येक गावांत ती वीज शेजारच्या तारेवर आकडा टाकून आलेली असते. कीर्तनकार व्यासपीठावरून परधन विषासमान सांगतात आणि त्यांच्या समोरचा माइक परधनावर चाललेला असतो. तात्पुरती जोडणी मागितली तर मिळते, तिचे पैसे रोषणाईच्या एका कमानीइतकेही होत नाहीत. तरीही आकडा पडतो. ज्या वारकऱ्याला हे टोचत नाही, त्याने परमार्थाचे नाव पुढे करून सोसायटीचा विषय टाळू नये. ज्याला टोचते, त्याच्यासाठी विजेचा प्रश्न परमार्थाच्या उंबरठ्यावरच येऊन बसला आहे.

दुसरा पूर्वपक्ष अधिक वजनाचा आहे: "सहकार आम्ही पाहिला. सहकार बुडतो." हा आक्षेप हसण्यावारी नेणे अप्रामाणिकपणाचे होईल. विजेच्याच सहकाराचे उदाहरण घेऊ. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूरच्या भागात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती. सुमारे चार दशके तिने दीडशेहून अधिक गावांना वीज पुरवली. पण वीज घ्यायची मंडळाकडून, विकायची गावात, आणि गावातली वसुली व गळती हाताबाहेर गेलेली; थकबाकी साचत गेली. २०११ मध्ये तिचा परवाना संपला आणि सगळे जाळे महावितरणकडे गेले. त्याच प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० मध्ये तो चालू झाला आणि त्याच्या वाटेवर पुढे सगळा महाराष्ट्र चालला. कुरुंद्यालाही टोकाईच्या नावाचा सहकारी कारखाना झाला. म्हणजे एकाच नदीच्या काठी सहकार उभाही राहिला आणि अडचणीतही आला. पाण्याला दोष देऊन भागत नाही. हिशेब कोण ठेवतो आणि कोण मागतो, हे पाहावे लागते.

मुळा-प्रवरेपासून एक धडा मात्र नीट घ्यायचा. ती संस्था वीज वाटत होती, घरोघर बिल वसूल करत होती. आपण ज्या सोसायटीबद्दल बोलतो आहोत ती वीज तयार करणार आहे. गिऱ्हाईक एक, मीटर एक, पैसे एका खात्यात. गावातल्या भाऊबंदाच्या दारात वसुलीला जायचा प्रसंगच नाही. जोखीम राहते ती दोन ठिकाणी: गिऱ्हाईकाने पैसे उशिरा देणे आणि इन्व्हर्टर बिघडणे. दोन्हींसाठी राखीव निधी ठेवावा लागतो, तो पहिल्या वर्षापासून ठेवावा.

आणि सहकार आपल्याला जमत नाही असे वारकऱ्याने तरी म्हणू नये. दिंडी म्हणजे दुसरे काय आहे? भिशी ठरते, प्रत्येक जण ती भरतो, शिधा एकत्र घेतला जातो, ट्रक ठरतो, तंबू ठरतात. विणेकऱ्याची जागा ठरलेली, टाळकऱ्यांची रांग ठरलेली, चोपदाराने काठी वर केली की हजारो माणसे गप्प. शेकडो मैलांच्या वाटेवर कुणी उपाशी झोपत नाही. ज्या गावाची दिंडी न चुकता पंढरीला जाऊन येते, त्या गावाला अर्ध्या मेगावॅटची सोसायटी जड आहे, असे मला पटत नाही.

तिसरा पूर्वपक्ष पैशाचा. तोही खरा आहे. अर्ध्या मेगावॅटला दोन कोटींच्या आसपास खर्च येतो. बँकेचे कर्ज काढले तर पहिली बारा-पंधरा वर्षे विक्रीतला मोठा भाग हप्त्यांतच जाईल. जो कुणी 'पाच वर्षांत दामदुप्पट' सांगत येईल त्याला वेशीवरूनच परत पाठवा. म्हणून सुरुवात मोठ्याने करू नये. जिथे गाव आजच बिल भरते तिथून सुरुवात करावी: नळयोजनेचा पंप, शाळा, देवळाचा सभामंडप, ग्रामपंचायतीची इमारत. तिथे वाचलेले युनिट विकलेल्या युनिटापेक्षा महाग असते. घरावर प्लेटा बसवणाऱ्याला केंद्राच्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन किंवा अधिकला अठ्ठ्याहत्तर हजार अनुदान आहे. वाड्यावस्तीने एकत्र मागणी केली तर बसवणाऱ्याशी भावही नीट होतो आणि बिघाडाला एक माणूस गावातच तयार करता येतो. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी अशी एक झाली आणि २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. दोनचार वर्षे गावाला हिशेबाची सवय लागली की मग मोठ्या प्रकल्पाला हात घालावा.

हे कुठे झालेच नाही, असेही नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी सहा शेतकऱ्यांनी सोसायटी केली. पाण्याला लागेल तेवढी वीज वापरायची आणि उरलेली २०१६ पासून एकत्र करून वीज कंपनीला विकायची. उरलेल्या विजेला दाम मिळतो म्हटल्यावर विहीर विनाकारण उपसण्यापेक्षा वीज राखणे फायद्याचे ठरते. म्हणजे पहिल्या वाटेतला दोष तिसरीने निघतो. तमिळनाडूत ओडंतुरै या ग्रामपंचायतीने २००६ साली ३५० किलोवॅटची पवनचक्की दीड कोटीहून अधिक रकमेला विकत घेतली, काही स्वतःची शिल्लक आणि बाकी बँकेचे कर्ज. ते कर्ज पंचायतीने फेडले. सातासमुद्रापलीकडे डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या किनाऱ्याजवळ समुद्रात २००० साली वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या निम्म्यांची मालकी आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेकडे आहे. तिथे वारा, इथे ऊन. सहा शेतकऱ्यांपासून आठ हजार सभासदांपर्यंत रीत एकच आहे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. सोसायटी कुणाची? उपकेंद्राजवळ ज्याची जमीन त्याची, की पंचवीस भाग एकदम घेऊ शकणाऱ्याची? आपल्याच जिल्ह्यात औंढ्याला काय घडले ते आठवा. नामदेवरायांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन बसले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आपली श्रद्धा आहे. आजही आपण औंढ्याला गेलो की ती कथा लेकरांना सांगतो. मग गावाच्या सोसायटीत सालगड्याला, ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला, गायरान कसणाऱ्याला मागे बसवून कसे चालेल? भाग इतका लहान ठेवावा की मजुराला हप्त्याहप्त्याने घेता येईल. संचालक मंडळात भूमिहीनांची आणि बायकांची जागा आधीच धरावी. बचत गटांच्या बायका दर महिन्याला हिशेब जुळवतात आणि कर्ज परत करतात. सोसायटीची वही त्यांच्या हाती गेली तर गाव निर्धास्त झोपेल. गळ्यात माळ आहे की नाही हे सभासदत्वाच्या अर्जात विचारू नये. शेख महंमदांना आपले म्हणणाऱ्या संप्रदायाला हे वेगळे सांगायला नको. आणि देवस्थानाचा पैसा व सोसायटीचा पैसा एका पेटीत कधीच घालू नये. देवळात हिशेब वाचावा, देवळाच्या नावावर व्यवहार करू नये.

कुणी म्हणेल, एवढ्या खटपटीपेक्षा सरकार देईल ते घ्यावे. घ्यावेच. पण सरकारने देऊळ बांधून दिले म्हणून आपण काकडा करायला लागलो नाही. सप्ताहाची पट्टी दर घरामागे आपण ठरवतो, दुष्काळातही ती देतो, आणि सांगतेनंतर पारावर पै-पैचा हिशेब वाचतो. त्या पारावर कुणाची चोरी लपत नाही. विश्वास, वर्गणी आणि उघडा हिशेब या तीन गोष्टींवाचून सोसायटी उभी राहत नाही. त्या तिन्ही आपल्या गावात आहेत, फक्त वर्षातून एकदाच बाहेर काढल्या जातात.

पसायदानात माउलींनी संतांना ताप नसलेल्या सूर्याची उपमा दिली. आकाशातल्या सूर्याला ताप आहे, आणि हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला तो वैशाखात चांगलाच कळतो. पण तो कुणाच्या शेतावर कमी आणि कुणाच्या शेतावर जास्त पडत नाही. भेद असतो तो त्याला अडवणाऱ्या प्लेटा कुणाच्या, यात. हे करार आज होत आहेत. एकदा सही झाली की पंचवीस वर्षे गेली. आज रांगणारे लेकरू तेव्हा संसाराला लागलेले असेल.

म्हणून वाचकहो, एवढे करा. तुमच्या गावी जमीन भाड्याने मागायला कुणी आले असेल तर तो विषय ग्रामसभेत घ्यायला लावा, आणि गायरानाचा असेल तर त्यावर जगणारी घरे समोर बसल्याशिवाय ठराव होऊ देऊ नका. नळयोजनेच्या पंपाचे वर्षाचे बिल किती, ते ग्रामसेवकाकडून लिहून घ्या. पुढच्या सप्ताहाला तात्पुरती जोडणी घ्या आणि तिची पावती मंडपात लावा. सांगतेनंतर पारावर हिशेब वाचून झाला की लगेच उठू नका. वेगवेगळ्या दहा घरांतली दहा माणसे तिथे बसलेली असतीलच. त्यांच्यासमोर तो बिलाचा आकडा ठेवा आणि सोसायटीचा विषय काढा.

रामकृष्णहरी.